बिननावाच्या कटरची सोयरीक

आमच्या काउंटरला गिऱ्हाईक येतं ते आधी पिशवी उलटी करतं. पिशवीतनं पडतो कटर. कटर मंजे बॅटरीवर चालणारी, एका हातात मावणारी, फांद्या कापायची साखळीची करवत. पिवळा नायतर हिरवा नायतर नारंगी, सगळा प्लॅस्टिकचा. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हेचा पार्ट हाय काय?" मी विचारते, "कंपनी कुठली?" मग तो माणूस कटर उलटा करतो, सुलटा करतो, डोळ्याजवळ नेतो. वर इंग्रजीत काय तरी लिहिलेलं असतं, ते नाव मी आधी कधी ऐकलेलं नसतं आणि परत कधी ऐकणार पण नसते. शेवटी तो म्हणतो, "मोबाइलवरनं मागवला वो. स्वस्तात होता."

झालं. इथनं माझं काम सुरू.

मी आठवीपर्यंत शिकले. माहेर कर्जतकडं, सासर कुंभिवलीजवळ. हायवेला सलीमचाचांचं हार्डवेअरचं दुकान हाय, तिथं मी बसते. आमचे हे साजगावला कारखान्यात, शिफ्ट फिरती, घरात सासू नाय, मग लेकरू कुणाकडं ठेवायचं? चाचा म्हणाले, "घेऊन ये पोरीला, बसेल काउंटरखाली. फक्त हत्याराच्या कपाटाकडं नको जाऊ देऊस." तशी माझी चिऊ काउंटरखाली नटबोल्टच्या रिकाम्या खोक्यांत वाढली. मी वर साखळ्या मोजायची आणि एक डोळा खाली. त्या साखळीची मला पहिल्या दिवसापासनं भीती. बोटानं नुसती फिरवून बघितली तरी अंगावर काटा येतो. आजपण येतो, खोटं कशाला बोलू.

आता तुमी म्हणाल, एवढ्या स्वस्त मशिनीचा पार्ट कोण शोधतं, नवी घ्यायची. पण आमच्याकडं शिमगा जवळ आला की राबाचं काम सुरू होतं. भाताचं रोप टाकायची जागा भाजायला ऐनाचे टहाळ तोडून आणतात, सुकवतात, पेटवतात. पूर्वी माणूस कोयता कमरेला अडकवून झाडावर चढायचा. आता कटर घेऊन चढतो. त्यातच साखळी तुटली तर माणूस थांबायला तयार नसतो. वर फार्महाऊसचे वॉचमन, आंब्याची बाग छाटणारे, लग्नाच्या मांडवाला डहाळे आणणारे, सगळ्यांच्या हातात हेच खेळणं. आणि मोडलं की कंपनीला फोन लावावा तर कंपनीच नाय!

सुरुवातीला मी रडकुंडीला यायची. मोबाइलवर ते इंग्रजी नाव टाकून शोधत बसायची. चाचांनी एक दिवस चष्मा वर केला नि म्हणाले, "बेटा, कंपनी शोधशील तर म्हातारी होशील. भावकी शोध."

"मंजे काय चाचा?"

"मंजे ह्या सगळ्या एका आईच्या लेकी. कपडे वेगळे घातलेत, नावं वेगळी ठेवलीत. आत हाड तेच."

देवाशप्पथ, त्या दिवशी मी दोन मोडके कटर खोलून शेजारी शेजारी ठेवले, एक नारंगी, एक हिरवा, आणि नारंगीतली चक्री हिरव्यात बसली! साखळी फिरवते ती दातेरी चक्री. टचकन बसली, जशी तिथंच जन्माला आली. मी एवढ्या जोरात ओरडले की चिऊ रडायला लागली. तेवापासनं मी कंपनी विचारते ती नुसती सवय म्हणून. खरं मी सोयरीक जुळवते. हिची पट्टी तिला, तिची चक्री हिला. ड्रिलची बॅटरी कटरला चालते. कटरचा चार्जर ड्रिलला चालतो. कुणाची खाच जुळते, कुणाची नाय जुळत, ते मी आता नुसत्या बोटानं चाचपून सांगते.

साखळीचं तेवढं जपावं लागतं. साखळीला वर दात असतात, ते लाकूड कापतात. खाली पाय असतात, ते पट्टीच्या खाचेत धावतात. पट्टी मंजे ती लोखंडी जीभ, जिच्याभवती साखळी फिरते. गिऱ्हाईक नेहमी वरचे दात मोजून येतं. मी म्हणते, दात नको, पाय मोजा. छत्तीस पायांची आणि सदतीस पायांची साखळी खिळ्याला टांगली तर जुळ्या बहिणी वाटतात. पण छत्तीसच्या जागी सदतीस घातली की ढिली पडते, आणि फिरताना पट्टीवरनं उतरते. उतरली की कुठं जाईल ते सांगता येत नाय. म्हणून मी प्रत्येक साखळी दोनदा मोजते. गिऱ्हाईक वैतागतं, "वो ताई, बांगड्या भरताय का?" वैतागू दे.

गिऱ्हाईकं पण एकेक नमुने. एक आजोबा आले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कटर काउंटरवर आपटला नि म्हणाले, "कापत नाय, नुसता चाटतो."

मी बघितलं तर साखळी उलटी. म्हटलं, "आजोबा, दात उलटे बसवलेत तुमी."

"उलटे? येडी का खुळी तू? दात आपल्याकडं नको काय? इळ्याचे दात कुणीकडं असतात?"

आता बघा, त्यांचं पण बरोबर. आयुष्यभर भात कापलं, विळा आपल्याकडं ओढायचा, दात आपल्याकडं. ती अक्कल त्यांनी साखळीला लावली. मी त्यांना पट्टी धरून दाखवलं, "आजोबा, वरचे दात पुढं बघतात, पण साखळी फिरून खालनं येते ना, तेवा तेच दात तुमच्याकडं ओढतात. तुमी खालच्या अंगानं कापता. मंजे विळाच हाय, फक्त पोटाखालनं." आजोबांनी साखळी सावकाश फिरवून बघितली, परत फिरवली, आणि एकदम मांडीवर थाप मारली. "आयला, खालनं ओढतो लबाड!" नंतर त्यांनी पाड्यातल्या सगळ्यांच्या साखळ्या तपासून दिल्या म्हणे. उलटी साखळी माझ्याकडं अजून येते, दर राबाला येते, पण त्यांच्या पाड्यातनं नाय.

दुसरं मोठं दुखणं दसऱ्याचं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी कटरची रांग लागते, आणि सगळ्यांना एकच आजार. बटण दाबलं तर चालू होत नाय. खोलून बघावं तर आत कुंकू! नुसतं कुंकू नाय, हळद, तांदूळ, झेंडूची पाकळी, एकदा तर आख्खी सुपारी सापडली. आवजारांची पूजा करतात ना, तेवा कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या शेजारी कटर पण मांडतात, आणि कोयत्यावर शिंपडतात तसं ताम्हनातलं पाणी कटरवर शिंपडतात. कोयत्याला पोट नाय. कटरला हाय. मी सांगून सांगून थकले, "पट्टीला लावा कुंकू, बटणापाशी नको." एक काकी म्हणाली, "आणि देवीनं राग धरला तर तू येशील काय समजवायला?" मी ब्रश घेऊन बटण साफ करत बसले.

तर गेल्या वर्षी असाच दसरा होऊन गेलेला. भात पिवळं पडून कापायला आलेलं आणि परतीचा पाऊस उरावर. सकाळपासनं वारा असला सुटला की दुकानाचे पत्रे वाजत होते. लाइट तर पहाटेच गेलेली. मी कुंकवाचे कटर साफ करत होते, चिऊ खोक्यात झोपलेली, चाचा रेडिओ कानाला लावून बसलेले. आणि फोन आला. शेवंताकाकीचा.

शेवंताकाकी आमच्या मागच्या पाड्यावरची. एक म्हस, तिचं दूध हायवेच्या चहाच्या टपऱ्यांना घालते. त्या म्हशीवर तिचं घर चालतं. त्यात म्हस गाभण, दिवस भरत आलेले. काकीच्या लेकानं राबासाठी कटर घेतलेला, तो साखळी तुटून माझ्याकडंच दुरुस्तीला पडलेला.

फोनवर मला आधी नुसता वारा ऐकू आला. मग काकी ओरडली, "पोरी, आमचा कटर झाला काय गं?"

"नाय काकी, साखळी यायचीय अजून…"

"आंब्याची फांदी पडली गोठ्यावर! म्हस खाली हाय गं! जित्ती हाय! फांदी पाठीवर बसलीय, तिला उठता येईना!"

मी म्हटलं, "कुऱ्हाड नाय काय कुणाकडं?"

"घातली ना! शेजारच्या बाळूमामानं दोन घाव घातले, तर फांदी हादरते नि तिच्या पाठीवर आणखी बसते. ती असली रेकली… नको म्हटलं मी. घाव घालायचा नाय. हळूच कापायला पायजे. हायवेला लांब पुढं झाड पडलंय, मोठी मशिन घेऊन माणसं तिकडं गेली, ती संध्याकाळशिवाय येत नायत. लेक कारखान्यात, फोन आत नेऊ देत नायत. तू काय तरी कर गं बाय."

फोन कट झाला.

मी काकीचा कटर पुढ्यात ओढला. त्याची पट्टी छत्तीस पायांची. खिळ्यावर बघते तर छत्तीसची एक पण साखळी नाय. सगळ्या सदतीसच्या! मी परत मोजल्या. परत सदतीस.  चाचा म्हणाले, "काय झालं?" मी सांगितलं, अर्धं रडत सांगितलं. "चाचा, साखळी नाय. एका पायानं मोठी हाय. ढिली पडणार."

चाचांनी रेडिओ बंद केला. "स्क्रू पूर्ण ताणून बघितला?"

बघितला. पट्टी पुढं सरकवायचा एक स्क्रू असतो, तो शेवटपर्यंत ताणला, तरी साखळी पोटाला लोंबत होती. हे घेऊन गेले तर पहिल्याच फांदीला उतरणार, आणि उतरली तर म्हशीवर नायतर माझ्यावर. मी छत्तीसची साखळी शोधायला सगळे ड्रॉवर उपसले. खोकी उपसली. नाय मंजे नाय.

आणि मग डोक्यात एकदम लख्ख झालं. मी मघापासनं पट्टीला साखळी शोधतेय. साखळीला पट्टी का नको शोधू? सदतीसची साखळी तर ढीगभर हाय. मग पट्टी बदल ना! मागं भंगाराच्या पेटीत जळलेल्या मोटारीचा एक निळा कटर पडलेला, फार्महाऊसवाल्याचा, त्याला नको होता. धावत गेले, त्याची पट्टी खोलली, काकीच्या कटरला लावून बघितली. दोन्ही भोकं बरोबर समोर आली! नखभर लांब पट्टी. वर सदतीसची साखळी घातली, स्क्रू ताणला, मधोमध चिमटीत धरून उचलली. पाय खाचेतनं जरासे डोकावले पण बाहेर नाय आले. असंच पायजे. तेल सोडलं. दात पुढं बघतायत ना, तीनदा बघितलं.

"चाचा, बसली! बसली चाचा!"

"शाब्बास. बॅटरी?"

बॅटरी! काकीची बॅटरी मेलेली, म्हणूनच ती आणलीच नव्हती. आमच्या कपाटात कोऱ्या होत्या, पण त्या खोक्यातनं उपाशीच येतात, आणि ह्या तर आख्खा पावसाळा कपाटात पडलेल्या. एकेक लावून बघितली. एकीवर साखळीनं हूं केलं नि थांबली. लाइट नाय, चार्ज कुठं करणार? मी दुकानाच्या दारात उभी राहिले. मला वाटलं आता ओरडून रडावं.

समोर हायवेच्या पलीकडं इर्शादचं पंक्चरचं दुकान. एक मोठा ट्रक जॅकवर चढवलेला आणि इर्शाद खाली वाकून चाकाचे नट काढत होता. टर्रर्र, टर्रर्र. हातानं नाय, गननं. बॅटरीच्या गननं!

मी रस्ता कसा ओलांडला मला माहीत नाय. चाचा मागनं ओरडत होते, "गाडी बघ, गाडी बघ!" इर्शादच्या गनला मी खालनं हात घातला, तो दचकला. "ओ भाभी! काय करताय?" मी बॅटरी सरकवून काढली नि हातातल्या कटरला लावली. खट्. बसली. खाच जुळली! बटण दाबलं तर साखळी असली फिरली की आमी दोघं मागं सरकलो.

"इर्शाद, मला दे ही. शेवंताकाकीची म्हस फांदीखाली हाय."

इर्शादनं ट्रककडं बघितलं. चाक निघालेलं, नवं चढवायचं बाकी, ड्रायव्हर तिथंच उभा. तो घाटावरचा, नगरकडचा, जाड मिशांचा माणूस. मला वाटलं आता शिव्या घालणार. त्यानं विचारलं, "गाभण हाय का?"

मी मान हलवली.

"मग बघती काय? पळ. मी हाय हितंच, च्या पितो."

चिऊला चाचांच्या ओटीत टाकलं, त्यांनी मला हातमोजे नि चष्मा दिला, त्यांचा हात डोक्यावर पडला आणि मी स्कूटी काढली. स्कूटी मला नवीनच येत होती. वारा असा की गाडी आपोआप डावीकडं जात होती. कटर पायाशी ठेवलेला, आणि तो चालू झाला तर काय, हेच डोक्यात. अर्ध्या वाटेत थांबून बॅटरी काढून ओच्यात बांधली तेवा कुठं जीव खाली पडला.

गोठ्यापाशी गेले तर पत्रे वाकून खाली आलेले. आंब्याची फांदी झाडापासनं मोडलेली पण सालीला धरून होती, मधोमध म्हशीवरनं आडवी गेलेली आणि पलीकडं तिचा सगळा पाल्याचा भार जमिनीवर टेकलेला. म्हस बसलेली, मान गव्हाणीला टेकलेली, डोळे पांढरे. काकी चिखलात बसून तिचं तोंड कुरवाळत होती. "गप माझे बाय, आली बघ, आली कटरवाली."

बाळूमामा कोयता घेऊन उभे. बाकी दोन म्हाताऱ्या नि एक सून. बाळूमामांनी कटरकडं बघितलं. "हे? ह्यानं तर शेवग्याची शेंग कापतात."

"मामा, चालवायला या ना तुमी," मी म्हटलं. मला वाटलेलं मी देईन आणि कुणी तरी कापील.

"मला कुठं येतं? लेकच चालवतो तिचा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मी नुसती दुरुस्त करते. मी कधी लाकूड नाय कापलेलं!"

काकी म्हशीचं तोंड सोडायला तयार नव्हती, तिथनंच म्हणाली, "मग आज काप."

कापायचं मला येत नव्हतं, तरी ओच्यातली बॅटरी काढून कटरला लावली. पण एक गोष्ट मला माहीत होती. जे कटर माझ्याकडं येतात ते का मोडले ते मी वाचते. पट्टी वाकलेली आली मंजे माणसानं वाकलेली फांदी नको त्या अंगानं कापली, फांदी मिटली आणि पट्टी दातांत धरली. साखळी तुटलेली आली मंजे अडकलेली ओढून काढली. चक्री झिजलेली आली मंजे कटरला न झेपणारं जाड लाकूड कापत बसला. एवढी मोडकी मशिनं बघितलेली की काय करायचं नाय ते मला सगळं पाठ.

जाड फांदीला हात लावायचा नाय. तिचा भार कुठनं हाय? पलीकडच्या पाल्यातनं. मी ओरडले, "मामा, इथं मेढ लावा! म्हशीच्या ह्या बाजूला आणि त्या बाजूला! फांदी खाली नाय आली पायजे." गोठ्याच्या मोडक्या मेढी उचलून मामांनी आणि सुनेनं दोन्हीकडं टेकू दिले. मग मी पलीकडं गेले, पाल्यात शिरले आणि बटण दाबलं.

पहिली फांदी मनगटाएवढी. साखळी लागली मात्र, भुस्सा तोंडावर आला, आंब्याच्या चिकाचा वास आला, आणि फांदी पडली. पडली! मी ओरडले काय तरी, काय ते मला पण कळलं नाय. दुसरी. तिसरी. मामा कापलेल्या ओढून बाजूला नेत होते. "अगं हळू, अगं डावीकडं, अगं ती नको!" सून ओढत होती. एक फांदी धनुष्यासारखी वाकून जमिनीत दाबलेली. ती सोडली तर तोंडावर येणार, मला माहीत होतं. दबलेल्या अंगानं आधी थोडीशी कापली, मग ताणलेल्या अंगाला जाऊन, स्वतः लांब राहून, हात पुढं करून बाकीची. फटकन उडाली ती! माझ्या पदराला चाटून गेली. मामा म्हणाले, "आई गं!" मी खाली बसले. मग परत उठले.

बॅटरीवर दिवे असतात, ती किती उरली ते दाखवणारे. निघाले तेवा सगळे लागलेले. आता एकच.

"काकी, बॅटरी संपत आली."

"माझी म्हस पण," काकी म्हणाली.

मी दोन फांद्या आणखी कापल्या, सगळ्यात जाड, सगळ्यात लांबच्या, आणि दुसरी पडली तशी जाड फांदी आपोआप करकरली. वर आली! दोन बोटं वर आली! बाळूमामांनी खालनं वासा घातला, आमी सगळ्या बायका त्याच्यावर लोंबकळलो, मी, सून, त्या दोन म्हाताऱ्या, आणि फांदी आणखी उचलली गेली. काकीनं म्हशीचं दावं विळ्यानं कापून टाकलं नि ओढली. "ये, ये, ये गं माझे आई!" म्हस घसरत, सरपटत बाहेर आली. पाठीवर सालपट निघालेलं, एका पत्र्यानं कान फाटलेला. पण बाहेर आली.

आणि उठेना.

मागचे पाय पसरून बसून राहिली. काकी तिच्या पायांना तेल चोळायला लागली. मामा म्हणाले, "मुंग्या आल्या असतील. नायतर…"  मी उभी राहून बघत होते, कटर हातात, आणि मला आठवलं, तिकडं ट्रक जॅकवर हाय. माणूस थांबलाय. बॅटरी त्याची नाय, माझी नाय, इर्शादच्या पोटाची हाय. काकी म्हणाली, "जा तू. फोन करते." तिचा आवाज पार बसलेला.

परत येताना मी रडत होते की वारा डोळ्यात जात होता, कळलं नाय. इर्शाद, चाचा, ड्रायव्हर, तिघं पंक्चरच्या दुकानातल्या बाकावर बसलेले. चिऊ ड्रायव्हरच्या मांडीवर, त्याच्या मिशा ओढत. मी बॅटरी इर्शादच्या हातात दिली.

"निघाली का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"निघाली. पण उठत नाय. बसून हाय."

इर्शादनं बॅटरी गनला लावून बघितली, ती मेलेली. त्यानं लांब पाना काढला, आणि ड्रायव्हर नि तो दोघं पान्यावर उभे राहून पायानं एकेक नट आवळायला लागले. मी म्हटलं, "तुमाला उशीर झाला माझ्यामुळं." ड्रायव्हर म्हणाला, "बाय, माझ्या आईच्या दारात पण हाय एक." नट आवळून झाले. जॅक खाली आला. ट्रक चाकावर बसला. इर्शाद म्हणाला, "चला शेठ, झालं तुमचं."

ड्रायव्हर परत बाकावर येऊन बसला. "थांबतो जरा. फोन येऊ दे."

 ट्रक जात होते येत होते. चाचांनी चहा सांगितला, तो आला, गार झाला. माझ्या हातमोज्यांवर आंब्याचा चीक काळा पडत होता. मी फोन ओंजळीत धरून बसलेले.

वाजला तो. मी घाईघाईत नको ते बटण दाबलं आणि आवाज मोठ्यानं सगळ्यांना ऐकू गेला. शेवंताकाकीचे शब्द काय समजेनात, ती रडत होती का हसत होती तेपण समजेना. मागनं बाळूमामा ओरडत होते, "पाणी आण, बादलीभर आण, उभ्यानं पितीय!" आणि मग त्या सगळ्यातनं म्हस रेकली. लांबलचक, रागात, पोटातनं. चिऊनं फोनकडं बोट करून विचारलं, "कोण?"

ड्रायव्हर उठला, ट्रकमध्ये चढला, आणि हॉर्न दाबून धरला. कुंभिवलीचा आख्खा हायवे वळून बघत होता, आणि त्यानं सोडलाच नाय हॉर्न, पार वळणापर्यंत.